तंद्रीसरांनी भिजवलेले मोती

रसायनशास्त्राच्या सरांना शाळेत सगळे तंद्रीसर म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठीमागेही फारसं हळू नव्हे. फळ्यावर लिहिता लिहिता ते मध्येच थांबत, खडूच्या टोकाकडे बघत राहत, आणि वर्गाला कळायचं की सर आता इथे नाहीत. दोन-तीन मिनिटांनी परत येत. (कुठे जाऊन येत, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा तिथे पाणी होतं आणि ऊन होतं.)

त्या शनिवारी ते सातवीला मिश्रणं वेगळी कशी करायची ते शिकवत होते. वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस. लोहचुंबक फिरवला, कीस निघाला. पाणी ओतून गाळलं, वाळू वर राहिली. पाणी आटवलं, मीठ परत आलं. बशीत ते पांढरं पांढरं उमटताना बघून सर निघण्याच्या बेतात होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, पण वाळूत मीठ आणि लोखंड मिसळतं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे खऱ्या घरात असं होतं का? का तुम्हीच मिसळता आणि तुम्हीच वेगळं करता?"

वर्ग हसला असता तर बरं झालं असतं. सगळे मन लावून उत्तराची वाट बघत होते. सर म्हणाले, "सोमवारी खऱ्या घरातलं मिश्रण आणतो."

झालं. एवढंच ठरलं होतं.

सरांची बायको घरीच शिवणकाम करायची. इतकी वर्षं शाळेचे गणवेश आणि पडद्यांच्या कडा शिवल्यावर पहिल्यांदाच तिच्याकडे लग्नाचा झगा शिवायला आला होता. रविवारी दुपारी अस्तराचं कापड आणायला निघताना ती दारातून म्हणाली, "अहो, माझ्या टेबलाला हात लावू नका. उद्या संध्याकाळी नवरी शेवटचं माप द्यायला येणार आहे."

"मी कशाला लावू हात," सर म्हणाले. त्या क्षणी ते खरंही होतं.

टेबलावर तीन बरण्या होत्या. एकीत टाचण्या, दुसरीत काचेचे बारीक मणी, तिसरीत मुगाएवढे पांढरे मोती. सर जाता जाता थांबले. टाचण्या लोहचुंबकाने निघतील. काच पाण्यात बुडेल. मोती उचलून बघितले तर भलतेच हलके, म्हणजे तरंगणार. इतकं देखणं मिश्रण त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बायको यायला तासभर होता, आणि वेगळं करायला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्यांनी तिन्ही बरण्या घमेल्यात रिकाम्या केल्या आणि हाताने नीट कालवल्या.

सुरुवात तर झकास झाली. टाचण्या लोहचुंबकाला साळिंदरासारख्या चिकटून वर आल्या. मग पाणी ओतलं. मणी तळाशी बसले, मोती वर आले. सरांनी घमेलं खिडकीशी नेलं, स्टूल ओढलं आणि बघत बसले.

खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. पाण्यावर चारशे छोटे चंद्र सावकाश फिरत होते; एकमेकांना लागत, जरा थांबत, पुन्हा सुटत. छतावर उजेडाची जाळी हलत होती. सरांना वाटलं, लहानपणी आपण अर्धवट सोडलेली वाक्यं बहुधा अशीच कुठेतरी तरंगत असतील. त्यातलं एखादं जवळ येतंय का, म्हणून ते वाट बघू लागले.

मोती कापसाचे होते. झगा अंगाला हलका वाटावा म्हणून बायकोने मुद्दाम दाबलेल्या कापसाचे, वरून चकाकीचा हात दिलेले मोती मागवले होते. त्यांच्या भोकांतून पाणी आत जात होतं. मूग होते त्यांचे हळूहळू हरभरे झाले. चकाकी सुटून पाणी दुधाळ झालं. मग एकेक चंद्र जड होऊन तळाशी जाऊ लागला आणि काचेच्या मण्यांना अंगाशी घेऊन बसला. सरांना ते फार सुंदर वाटलं.

"हे काय आहे?" मागून बायकोने विचारलं.

"मिश्रण," सर म्हणाले.

"कशाचं?"

"तसं दोनच घटक राहिलेत. टाचण्या मी काढल्या."

ती कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ घमेल्यात बघत राहिली. "ते माझे मोती आहेत?"

"हो. जरा फुललेत. वाळले की होतील पूर्वीसारखे."

ती ओरडली नाही. ती ओरडली की काय करायचं ते सरांना माहीत होतं. छताकडे बघत राहिलं की ते आपोआप संपायचं. ती हळूच म्हणाली, "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती." त्यावर कुठे बघावं ते सरांना कळेना.

मग त्यांनी सगळं करून पाहिलं. चाळलं, निथळलं, फुंकलं, केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. मोती वाळले, पण त्यांची साल सुटून आतला कापूस पिसासारखा बाहेर आला आणि काचेचा मणी न् मणी त्या कापसात अडकून बसला. चाळणी असो की पाणी, कशालाच तो दाद देईना.

"मोत्यांचं राहू द्या," बायको म्हणाली. "काचेचे मणी तरी उद्या शाळा सुटेपर्यंत वेगळे करून द्या. बाह्यांना लागतात."

सोमवारी सरांनी डबा उघडून सातवीसमोर वर्तमानपत्रावर पालथा केला. "खऱ्या घरातलं मिश्रण."

"कुणी केलं सर?" त्याच मुलीने विचारलं.

"मी."

"चुकून?"

"मुद्दाम."

आता मात्र वर्ग हसला, चांगला खळखळून. सरांना का कोण जाणे, हलकं वाटलं.

"मग पद्धत कोणती वापरायची?"

सरांनी ढिगातला एक गोळा चिमटीत उचलला. "हाताने वेचणे," ते म्हणाले. "पुस्तकात पहिलीच आहे. मी दरवर्षी ती एका वाक्यात संपवतो."

चौतीस डोकी खाली झाली. प्रत्येकापुढे कागद, कागदावर चमचाभर ढीग. काच कागदावर पडल्याचा टिक टिक आवाज तेवढा येत होता. सरही बाकावर बसून वेचत होते, आणि तासभर ते कुठेही गेले नाहीत. घंटा झाली तेव्हा दोन पुड्या तयार होत्या, एक मण्यांची आणि एक कापसाच्या गोळ्यांची.

ते घरी पोचले तेव्हा नवरी आधीच आली होती. ती टपाल वाटायची. चपला काढून, पाय पसरून बसली होती. बायको तिला सांगत होती, "गळ्याचे मोती नाही लावता आले. चूक आमची आहे." आमची, असं म्हणाली. सरांनी ते ऐकलं आणि मान खाली घालून दोन्ही पुड्या पुढे केल्या.

नवरीने नेमकी नको ती पुडी उघडली. त्यातला एक कापशी गोळा उचलून बोटांत फिरवला, मग आरशासमोर जाऊन गळ्याशी धरला.

"हे चकाकत नाहीत," ती म्हणाली.

"नाही," बायको म्हणाली.

"मला चकाकणारं नकोच होतं. आईपुढे बोलता येईना म्हणून गप्प बसले. हे ढगासारखे आहेत. हेच लावा. आणि पाठीवरही लावा, अजून दोनशे."

बायकोने सरांकडे पाहिलं. सर आयुष्यात प्रथमच कारागीर झाले होते.

मंगळवारी ते घड्याळ, तापमापी आणि वही घेऊन नव्या मोत्यांसमोर बसले. दर पाच मिनिटांनी नोंद. मोत्यांचा लगदा झाला. बुधवारी वेळ कमी केली, तर खडे राहिले. गुरुवारी बायकोने घड्याळ आणि वही काढून घेतली, घमेलं खिडकीशी ठेवलं, स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "बसा. काही करू नका." थोड्या वेळाने छतावर उजेड हलू लागला. ती परत आली तेव्हा मोती नेमके फुललेले होते आणि सर घरात नव्हते, म्हणजे स्टुलावरच होते.

शनिवारी नवरी झगा न्यायला आली. गळ्यावरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. खिडकीशी सर बसलेच होते.

"फार अवघड असतं का हो हे करणं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"अवघड काही नाही," बायको दोरा तोडत म्हणाली. "काम समोर ठेवायचं आणि पार विसरून जायचं. मला नाही जमत. त्याला तसाच माणूस लागतो."

"आणि एरवी काय करतात ते?"

"एरवी शिकवतात."

नवरीने सरांकडे जरा निरखून पाहिलं. मग काळजीच्या सुरात विचारलं, "मुलांना?"