खिडकी नसलेले पडदे

आमचे शेजारी पुंजाजीकाका कुणाच्याही घरी गेले की बसत नाहीत, आधी पडद्याला लोंबकळतात. दोन्ही हातांनी पडदा घट्ट धरायचा, पाय उचलायचे आणि सगळा भार दांड्यावर सोडून द्यायचा. मेहकरात आमच्या गल्लीतली एकही खिडकी या माणसाच्या तावडीतून सुटलेली नाही.

परवा मी बैठकीत हौसेनं सोनेरी दांडा बसवला. दुकानातला, दोन्ही टोकांना कमळं असलेला. सासरची मंडळी समोर फराळाला बसलेली असताना काका आले, लोंबकळले आणि दांडा, पडदा, मूठभर गिलावा घेऊन थेट सासऱ्यांच्या पुढ्यात आदळले. वर ओरडले मलाच.

"पाह्यलं? पत्रा हाये हा, पत्रा. वरून सोनेरी रंग. दुकानवाले फसवून राह्यले अन् तुमी फसून राह्यले."

"काका, त्यानं पडदा धरायचाय, माणूस नाही."

"माणूस कवा काय धरीन, सांगता येते का बे?"

मग सासऱ्यांनाच पकडून त्यांनी दांडा घरी कसा करायचा ते सांगितलं. नळाचा लोखंडी पाइप घ्या, पॉलिश पेपरनं घासा, रंग द्या, टोकांना बुचं बसवा आणि भिंतीत खोल भोक पाडून जाड स्क्रूनं क्लॅम्प आवळा. सासरे बिचारे चिवडा हातात धरून माना डोलावत होते. माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी मोडका दांडा घेऊन मी त्यांच्या घरी जाब विचारायला गेलो. काकू हल्ली कुणाकडे जात नव्हत्या, कुणाला बोलावतही नव्हत्या, त्यामुळे वर्षभरात मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. आत पाहतो तर भिंतीभिंतीला पडदे. कमरेइतक्या उंचीवर, निजायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून बैठकीतल्या खुर्चीपर्यंत. एकाही पडद्यामागं खिडकी नाही.

"लोकांचे दांडे मोडता आणि स्वतःच्या घरी हे काय सोंग मांडलंय?" मी आवाज चढवला.

काकांनी मला दंडाला धरून बाहेर ओट्यावर ओढलं. आवाज एकदम खाली आणला.

"लकव्यानं तुह्या काकूचा एक पाय गेला. उठताना पडदा धरला, तं दुकानातला दांडा हातात आला अन् पडली तोंडावर. डॉक्टर म्हने, भिंतीले कठडा लावा. हिनं साफ सांगतलं, घराचा दवाखाना करता का, मी नाई धरत. मंग म्या कठड्यावर पडदे टांगले. आता धरते. तू कठडा म्हनू नको फक्त."

आतून काकूंचा आवाज आला, "काऊन भांडून राह्यले हो? त्याले आत तं बसवा."

आम्ही आत गेलो. काकू स्वयंपाकघरातून निघाल्या होत्या. इस्त्रीचं लुगडं, नीट बांधलेला अंबाडा आणि एक हात पडद्याच्या चुण्यांत खोल गेलेला. पाय फरशीवर घासत होता. मी बघतच राहिलो. काकांनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"इकडं पाह्य. पत्रा आनला का नाई तुनं? सांग."

"माझं घर, माझा दांडा, मी पत्रा आणीन नाहीतर बांबू," मी त्यांच्या डोळ्यांत बघत ओरडलो.

काकू खुर्चीत टेकेपर्यंत आम्ही दोघं पाइपच्या जाडीवरून कडाकडा भांडत राहिलो.