रेघेवरचं पाणी

घरातलं एकुलतं एक बाथरूम नवं करून झालं होतं. आता त्यात आंघोळ करावी, एवढी साधी गोष्ट. पण घरधनी पडले बांधकामावरचे क्वालिटी इंजिनिअर. काम बिघडू नये म्हणून तपासणीवर किती खर्च होतो आणि बिघडल्यावर तोडफोडीत किती जातो, याचा हिशेब मांडणं ही त्यांची नोकरी. (घरात तो हिशेब कुणी मागितला नव्हता.)

"उद्या संध्याकाळपर्यंत आत पाणी तुंबवून ठेवायचं," त्यांनी जाहीर केलं. "गळलं तर मिस्त्री फुकट दुरुस्त करेल. एकदा पास म्हटलं की दुरुस्ती आपल्या बोकांडी."

"अहो, आणि आंघोळी?" बायकोने विचारलं.

"तोच तपासणीचा खर्च."

जाळीत चिंध्या कोंबून त्यांनी पाणी भरलं आणि टाइलवर पेन्सिलीने रेघ मारली. बायको-मुलं टॉवेल घेऊन शेजारी गेली. मुक्कामाला आलेल्या सासूबाई मात्र, जावई म्हणतात तर असेल काही, म्हणून घरीच थांबल्या. साहेबांना तर जेवण गोड लागेना. घास हातात घेऊन उठायचे, डोकावायचे. पाणी रेघेवरच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री आला. "केसभर उतरलेलं नाही, मिस्त्री. याला म्हणतात काम!" साहेबांनी त्याला मिठीच मारली, उरलेले पैसे दिले आणि 'पास' लिहून खाली झोकदार सही ठोकली. (मिस्त्रीलाही जरा नवलच वाटलं.)

तो गेला आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "आत्ताच गावाहून आलोय. आमच्या बाथरूमचं छत टपटप गळतंय."

"शक्यच नाही, काका. या, पुरावा दाखवतो." साहेबांनी त्यांना हाताला धरून आत नेलं.

तिथे सासूबाई बादली घेऊन वाकल्या होत्या. "जरा सरका हं, जावईबापू. मेलं पुन्हा खाली गेलंय."

"पुन्हा म्हणजे?"

"कालपासून जातंय. तुम्ही किती हौसेने बघत होतात, म्हटलं हिरमोड नको. येता-जाता घालत होते बादलीभर."

बायकोने तोंडात पदर कोंबला. साहेबांनी मिस्त्रीला फोन लावून झाला प्रकार सांगितला, गयावया केली.

"साहेब, पास तुम्हीच केलंत," मिस्त्री म्हणाला. "तरी येतो, निम्म्या मजुरीत करून देतो. पण या खेपेला तपासणी आजींकडे द्या. पाणी उतरतंय हे घरात त्यांनाच तेवढं दिसलं."