अर्धं आलेलं पुसू नये

"तुमचे वडील फार जाड आहेत हो ताई. थोडे बारीक करून पाठवा. आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मावशी जिवंत आहेत ना? मग त्यांना आधी कापा."

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ऑफिसचं दार ढकललं, तेव्हा पोतनीसकाका फोनवर हे बोलत होते. आवाज अगदी मऊ, एखाद्याला उपासाचे पदार्थ समजावून सांगावेत तसा. मी मागे सरून दारावरची पाटी पुन्हा वाचली. पत्ता बरोबर होता.

उज्जैनला फ्रीगंजमध्ये भैरवगढी छापाच्या चादरींचं एक दुकान होतं, त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. एसटीडी बूथवाले जुन्या पाटीवर 'इंटरनेट' हा शब्द रंगवून घेत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमचे मालक राजेशजी यांनी एक वेबसाइट काढली होती. ज्यांना पितृपक्षात उज्जैनला येता येत नाही, त्यांनी गेलेल्या माणसाचं नाव, गोत्र आणि फोटो साइटवरून पाठवायचा. सर्वपित्री अमावस्येला आम्ही ते फोटो छापून नदीकाठच्या सिद्धवटावर, श्राद्धाच्या वडाखाली नेणार आणि गुरुजी नावानिशी पाणी देणार. आधी फोटो ई-मेलनं येत; ते थेट साइटवर स्वीकारणारा प्रोग्राम मी आल्यावर लिहिला. तो माझा पहिलाच प्रोग्राम, त्यामुळे तो रोज बिघडायचा, आणि बिघडला की लोक फोन करायचे. ते फोन घेणं हे काकांचं काम.

काका तार ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेले. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, घरी ऐंशी ओलांडलेली आई. फाइल आणि माणूस यांत त्यांनी कधी फरक केला नाही. फाइलच्या नावात मोकळी जागा राहिली की माझा प्रोग्राम ती परत पाठवी. काका फोनवर सांगत, "तुमच्या सासूबाई दारात अडकल्यात. नावातली फट बुजवा, मग येतील आत." कोणाचे आजोबा आडवे आले, तर "त्यांना उभं करा" म्हणून सांगत. एकदा सर्व्हरची डिस्क भरली आणि सकाळपासून एकही फोटो येईना. मी रडकुंडीला आले होते. काका शांतपणे म्हणाले, "वर जागा नाही उरली वीणा. हे तर कधी तरी होणारच होतं."

सर्व्हरच्या खोलीत एसी चालू असायचा. तिथे काका चप्पल काढून जात. मी हसले तर म्हणाले, "चारशे लोक बसलेत आत. पायात चप्पल घालून जाशील काय?" त्यानंतर मला त्या खोलीत एकटीनं जायला नको वाटू लागलं. थंडीनं हातावर काटा येई आणि मी पटकन काम उरकून बाहेर पडे.

त्यांचा एक नियम मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. फोटो मध्येच तुटला की त्याचा आलेला तुकडा सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये पडून राही. असे तुकडे रोज पुसून टाकायला हवेत, नाही तर डिस्क पुन्हा भरेल. मी पुसायला बसले की काका मागे येऊन उभे राहत. "अर्धं आलेलं पुसू नये. तारेत असंच असायचं. संदेश अर्धा आला, तर कागद फाडायचा नाही. बाकीचा येतो मागून. कधी दोन दिवसांनी येतो, पण येतो."

पितृपक्ष लागला आणि दुसऱ्याच दिवशी तो तुकडा आला.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी फोटो पाठवायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात लाइन तुटली. असं दिवसातून दहादा व्हायचं. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा बारा दहाला तोच फोटो आला आणि तुटला. चौथ्या दिवशीही. नाव आणि गोत्र माझा प्रोग्राम फोटो पूर्ण आल्यावरच नोंदवी, त्यामुळे पाठवणारा कोण, ते कळायला मार्ग नव्हता. एवढंच कळलं, की तो उज्जैनमधूनच, साध्या टेलिफोन लाइनवरून येत होता.

अर्धा फोटो उघडला की वरून जेवढा आलाय तेवढा दिसतो आणि खाली सगळं करडं. पहिल्या दिवशीच्या तुकड्यात नुसती भिंत होती. तिसऱ्या दिवशी केस दिसले, दाट, बाजूला भांग पाडलेले. मग कपाळ. रोज तो थोडा जास्त येत होता. माझ्या प्रोग्रामची चूक असती, तर तो रोज एकाच जागी तुटला असता. मी वेळेची मर्यादा वाढवली, फोल्डरच्या परवानग्या तपासल्या, दोनदा सगळा प्रोग्राम ओळ न ओळ वाचला. दुसऱ्या दिवशी बारा दहाला भुवया आल्या.

फोटो छापायचं काम दुबेजींकडे होतं. ते धिप्पाड, मिशावाले, पण नवमीला माझ्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "मैडम, आज आँखों तक आ गया."

मी उघडून पाहिलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे डोळे होते. फोटो काढणाऱ्याकडे न बघता जरा बाजूला, वर बघणारे. त्याखाली करडा रंग. मला खरंच भीती वाटली. इंजिनियरिंगची पदवी भिंतीला टांगली म्हणून भीती वाटत नाही असं नाही.

"जिसका कोई करने वाला नहीं, वो खुद आ रहा है," दुबेजी म्हणाले. "आप मानो, न मानो." त्या दिवसापासून ते बारा वाजता खाली चादरवाल्याकडे चहाला जाऊन बसू लागले.

मी काकांकडे गेले. कुठलीही अडलेली फाइल सोडवल्याशिवाय डब्याला हात न लावणारा हा माणूस. "काका, ते बारा दहाचं बघा ना."

"उसको रहने दे. तो तयार नाही अजून."

"पण तुम्हीच म्हणता, अमावस्येला एक जरी राहिला तरी चालणार नाही."

काकांनी चष्मा पुसला, परत घातला. "आईचा फोन येईल आता," म्हणाले आणि प्लायवूडच्या पार्टिशनमागे गेले. तिथे त्यांचं टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि वेगळी टेलिफोन लाइन होती, ग्राहकासारखं बाहेरून साइटवर येऊन बघायला दिलेली. पितृपक्ष लागल्यापासून रोज दुपारी त्यांना आईचा फोन येत होता.

गोष्ट राजेशजींच्या कानावर गेली. ते भुताखेतांना मानणारे नव्हते. अधल्यामधल्या फाइलींना तर मुळीच नाही. "वीणाजी, अमावस के दिन दो बजे साइट बंद होगी. जो आ गया, सो आ गया. बाकी कचरा साफ. और ये रोज़ का तमाशा ठीक नहीं हुआ, तो प्रोग्राम मैं इंदौर वालों से बनवा लूँगा."

माझ्या नोकरीची काळजी होतीच, खोटं कशाला सांगू. पण रात्री डोळे मिटले की मला तो मुलगा दिसायचा. दोन वाजता साइट बंद झाली की त्याचे सगळे तुकडे पुसायचे आणि पुसणार मी. कोणीतरी इतके दिवस दार ठोठावतंय आणि कडी माझ्या हातात, असं वाटत राही.

चतुर्दशीला मी ठरवून बाराला सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले. चप्पल बाहेर काढली होती, कधी काढली ते आठवत नाही. पडद्यावर तुकड्यांचं फोल्डर उघडून ठेवलं. बारा दहा झाले. नवी फाइल उमटली आणि तिचा आकार वाढू लागला. त्याच वेळी भिंतीपलीकडून मला एक आवाज ऐकू आला. बारीक, चिरका, मग खरखर, मग शांतता. मोडेम जोडला जाताना जो करतो, तो. खरं तर तो काही क्षण आधीच सुरू झाला होता, मला कळायला उशीर झाला.

मी अनवाणीच उठले आणि पार्टिशनमागे डोकावले.

काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. समोर पडद्यावर माझंच पान उघडं, खालच्या पट्टीवर फाइल चाललेली. उजव्या हातात टेलिफोनची वायर, भिंतीतल्या खोबणीपाशी चिमटीत धरलेली. ते पट्टीकडे बघत होते, ओठ हलत होते. पट्टी तीन चतुर्थांशांच्या पुढे गेली आणि त्यांनी वायर उपटली.

"काका," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. वायर हातात तशीच. "हनुवटीपर्यंत गेला आज," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. अनंता, धाकटा भाऊ. नोकरीच्या मुलाखतीला देवासला जातो म्हणून सकाळच्या बसमध्ये बसला आणि परत आला नाही. देवासला पोचलाच नाही. "मी तार ऑफिसात. जिथे जिथे तार जाते तिथे मी तारा केल्या, अगं. माझ्या हातानं. नकार आला तर नकार, पण उत्तर यायला पाहिजे ना? दर पाळीला आधी विचारायचो, माझं काही आलं काय." बारा वर्षं झाली की बेपत्ता माणूस गेला असं धरतात, दर्भाचा पुतळा करून त्याचे संस्कार करतात आणि पाणी देतात. या वर्षी बारा झाली. त्यांच्या आईनं देवघराच्या फळीवरून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. म्हणाली, मी आज आहे, उद्या नाही, त्याला तहानेला ठेवून मला जायचं नाही. टाक तुझ्या त्या मशीनमध्ये.

"मी रोज तिला सांगतो, आई, मशीनमध्ये एरर येऊन राहिला. तिला वाटतं, मला कामच येत नाही." काका हसले. "पूर्ण पोचला की मग मी मानलं असं होतं ना, वीणा. म्हणून थोडा थोडा पाठवून राहिलो. सवय व्हायला."

मला रडू आलं आणि रागही आला. नवमीपासून मी त्या डोळ्यांना भीत होते. त्या पोराचं नाव होतं, घर होतं, आणि त्याच्यासाठी थांबलेली आई होती.

अमावस्येला दुबेजी खाली चहाला गेले. मी सर्व्हरपाशी न बसता काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बारा दहाला मोडेम ओरडला. पट्टी चालू लागली. अर्ध्यावर काकांचा हात वायरीकडे गेला. ते वायर धरून बसले. तीन चतुर्थांश गेले. हनुवटी गेली असेल. काकांनी डोळे मिटले आणि हात मांडीवर आणून ठेवला. पाच मिनिटं लागली असतील, ती फार लांब होती. मग पडद्यावर मीच लिहिलेली ओळ उमटली: 'आपका चित्र प्राप्त हुआ.'

काकांनी ती दोनदा वाचली, जुन्या तारेसारखी एकेक शब्द तोडून. "उत्तर आलं," म्हणाले.

दुबेजींनी तो छापला, पण फोटो माझ्या हातात देताना कपाळाला आठ्या होत्या. आता तो पुरा होता. अनंता पांढऱ्या शर्टात उभा, बाजूला वर बघत हसणारा. आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात, मनगटापासून पुढे नुसता हात. ज्याचा होता त्याला कापून बाजूला काढलेलं. सगळ्या गावाला जिवंत माणसं कापायला लावणाऱ्या काकांनी एवढंच ठेवलं होतं.

दुपारी आम्ही सगळे फोटो घेऊन सिद्धवटावर गेलो. काका आईला रिक्षानं घेऊन आले होते. भैरवगढी चादरीवर फोटो ओळीनं मांडले गेले. गुरुजी एकेक नाव घेत, पाणी सोडत पुढे सरकत होते. अनंतापाशी आले आणि थबकले.

"ये हाथ किसका है? जीवित का हो तो हटाना पड़ेगा."

"मेरा है महाराज," काका म्हणाले. "आज रहने दो. इतनी दूर अकेला पहली बार जा रहा है."

गुरुजींनी आईकडे पाहिलं, मग काकांच्या त्याच हाताकडे, आणि पाणी सोडलं.