सीबीडीच्या घराण्याची चौकशी

माणसाचं दुखणं खासगी असतं, पण त्यावरचा उपाय कायम सार्वजनिक असतो. गुडघा एकाचा दुखतो आणि सल्ला द्यायला अख्खी इमारत गोळा होते. हेडमास्तरांच्या डाव्या गुडघ्याची गोष्ट तर त्याहून गंभीर होती, कारण इमारतीचं चारित्र्य त्या गुडघ्यावर उभं होतं.

हेडमास्तर (निवृत्त, पण हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही) हे इमारतीच्या व्यसनमुक्ती समितीचे संस्थापक-अध्यक्ष. समितीची कार्यपद्धती अत्यंत शास्त्रशुद्ध होती. रोज संध्याकाळी अध्यक्षांनी चपला हातात घेऊन जिना चढायचा, गच्चीचं दार एकदम ढकलायचं आणि सिगारेट ओढणाऱ्याला रंगेहाथ पकडायचं. पकडलेल्याने तिथल्या तिथे माफी मागायची. बायको किंवा आई हजर असल्यास उत्तम. या पद्धतीमुळे इमारतीतलं धूम्रपान जवळजवळ संपुष्टात आलं होतं (म्हणजे शेजारच्या गच्चीवर गेलं होतं).

आणि मग गुडघ्याने दगा दिला. दुसऱ्या मजल्यावर 'आई गं', तिसऱ्यावर 'अगाई गं' आणि चौथ्यावर नुसताच एक लांबलचक हुंकार. ही पूर्वसूचना मिळताच गच्चीवरची मंडळी सावकाश सिगारेटी विझवत आणि अध्यक्ष पोचेपर्यंत मावळत्या सूर्याचं कौतुक करत उभी राहत. एकाने तर वरून आवाज दिला, "सावकाश या सर, घाई नाही." त्या दिवशी हेडमास्तर जेवले नाहीत. शाळेतही त्यांचा असा अपमान कुणी केला नव्हता, निदान तोंडावर तरी.

सुनेला हे बघवेना. ती अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथल्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने तेलाची एक छोटीशी बाटली आणली. बाटलीवर हिरवं पान, पानाखाली तीन अक्षरं: सीबीडी. जिभेखाली थेंब टाकायचे आणि तोंड मिटून जरा गप्प बसायचं. (यातला दुसरा भाग घरच्यांना विशेष गुणकारी वाटला.) तीन अक्षरं बघून हेडमास्तरांना ही एखादी पदवी वाटली आणि त्यांनी तेल आदराने घेतलं.

आठवडा गेला नाही तोच गुडघा ताळ्यावर आला. हेडमास्तर मांजराच्या पावलांनी जिना चढू लागले. एका संध्याकाळी तर समितीचा खजिनदारच हाती लागला, तोंडात सिगारेट आणि हातात दुसरी तयार. पकडण्याचं प्रमाण शेकडा दोनशेने वाढलं (आधी ते शून्य होतं, गणित हेडमास्तरांनी स्वतः केलं). त्यांची छाती फुगली. बाटली संपायच्या आत दुसरी हवी म्हणून ते स्वतः औषधांच्या दुकानात गेले आणि जाता जाता सहज विचारलं, की हे सीबीडी मूळचं कुठलं?

दुकानदार भिडस्त माणूस. त्याने आधी पूर्ण नाव सांगितलं, कॅनाबिडिओल. मग आवाज खाली आणून झाड सांगितलं. ते भांगेचं निघालं. ज्यापासून गांजा होतो तेच. हेडमास्तरांनी काउंटर घट्ट धरला.

दुकानदाराने घाईघाईने बाकीचं घराणं मांडलं. या एका झाडात शंभरावर घटक असतात. त्यातला टीएचसी नावाचा नशा आणतो, सीबीडी आणत नाही. तेलासाठी बहुधा हेम्प नावाची जात लावतात. तिच्यात टीएचसी नावापुरताच. तिची फुलं-पानं घेऊन, अल्कोहोल नाहीतर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून अर्क काढतात आणि साध्या तेलात मिसळतात. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर त्याचा उपयोग नीट सिद्ध झालाय, तिथे डॉक्टरच ते लिहून देतात. गुडघ्याबद्दल म्हणाल, तर पुरावा कमी आणि बोलबाला जास्त. शिवाय दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

"थोडक्यात काय सर," दुकानदार म्हणाला, "मुलगा अगदी सालस आहे. भाऊ तेवढा वाया गेलेला."

हेडमास्तर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. तेल सोडावं तर गच्ची हातची जाणार. तेल घ्यावं तर अध्यक्षपद कुठल्या तोंडाने मिरवायचं? त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, कारण गच्चीचं दार ढकलण्याच्या त्या एका क्षणासाठीच ते दिवसभर जगत होते. शेवटी त्यांनी समितीची तातडीची बैठक बोलावली.

बैठकीत दोन तट पडले. समितीत एक शिंपी होता. त्याचं म्हणणं, रक्त कुठे ना कुठे बोलतंच, आज सालस आहे, उद्या भावाच्या वळणावर जाईल. वकिलीणबाईंचं म्हणणं, भावाच्या गुन्ह्यासाठी भावाला आत टाकायचं म्हटलं तर समितीतले निम्मे सभासद आत जातील. तेव्हा सर्वानुमते चौकशी उपसमिती नेमण्यात आली. सदर तेलाचा नमुना सुनेने प्रयोगशाळेत तपासून आणावा. दरम्यान, चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून प्रत्येक सभासदाने ते स्वतः घेऊन पाहावं. दुसऱ्याच दिवशी शिंप्याची कायम आखडलेली मान मोकळी झाली. वकिलीणबाईंना शांत झोप लागू लागली. खजिनदाराला काहीच होत नव्हतं, म्हणून त्याने खात्री करून घेण्यासाठी सगळ्यात जास्त घेतलं.

अहवाल आला तेव्हा सगळे हेडमास्तरांच्या दिवाणखान्यात जमले होते. सुनेने कागद उलटापालटा केला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि सांगून टाकलं.

"बाबा, यात सीबीडी नाहीच. नुसतं खोबरेल आहे. आणि तेही जुनं."

खरं म्हणजे हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. त्यांच्या चारित्र्यावर डाग नव्हता, समितीवर नव्हता, झाडाचा तर संबंधच नव्हता. पण ते उभे होते ते मटकन खाली बसले आणि डावा गुडघा धरला. शिंप्याची मान जागच्या जागी आखडली.

"मग इतके दिवस मी चढलो कशाच्या जोरावर?" त्यांनी विचारलं.

"पायांच्या, बाबा."

हे उत्तर समितीने एकमताने फेटाळलं. पायांच्या जोरावर चढायचं तर समितीची गरजच काय, असा वकिलीणबाईंचा बिनतोड मुद्दा होता. वातावरण तापलं. आपली उघडउघड फसवणूक झाली आहे, झाडाचं नाव सांगून झाडच दिलेलं नाही, आणि नीतिमान माणसाला भेसळ मुळीच खपत नाही, असं हेडमास्तरांनी ठणकावून सांगितलं. त्याच बैठकीत व्यसनमुक्ती समितीने ठराव केला की यापुढे अस्सल, तपासलेलं, भरपूर सीबीडी असलेलं तेलच मागवावं. गच्चीवरची मंडळीही पाठिंबा द्यायला खाली उतरली. अनुमोदन त्यांनीच दिलं.

आता एक शेवटची सूचना, आणि ती वाचकांसाठी आहे. बाटलीत नुसतं खोबरेल निघालं हे वाचून तुम्हालाही जरासं हळहळल्यासारखं झालं असेल, तर लाजू नका. फक्त आपलं नाव आणि कुठला गुडघा एवढं समितीला कळवा. मागणी सोमवारी जाते.