तुळशीपाशी काळा ठिपका

माझ्या व्रतांनी कधी कोणाचं काम अडलेलं नाही, हे मी तुळशीपुढे उभी राहून सांगेन! पहाटे विहिरीवर अंघोळ, मग ओलेत्यानेच तुळशीला पाणी नि प्रदक्षिणा. ना कोणाशी बोलणं, ना कसला आवाज.

पण सत्त्याऐंशीच्या माघात परीक्षा आली. माझे धाकटे दीर दिवाकरभावोजी वालीवच्या एका कारखान्यात होते. तिथे त्यांनी एक यंत्र केलेलं. एखादी जागा उष्णतेच्या कॅमेऱ्यातून कशी दिसेल, त्याचं चित्र ते आधीच काढून दाखवी. गरम ते पांढरं, गार ते काळं. ते खऱ्या जागेशी जुळतं का, हे तपासायला दिल्लीचे साहेब एका पहाटे येणार होते. आणि जागा म्हणून भावोजींनी आमचीच वाडी दिलेली! जुळलं नाही तर भावोजींची नोकरी गेली.

मी ठरवलं, आपली लुडबुड नको. तुळशीची मनातच क्षमा मागितली आणि चुलीपुढे बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा नेम मोडला. डोळे भरून आले.

ओटीवर दोन पडदे लावलेले. एकावर यंत्राचं चित्र, दुसऱ्यावर खरी वाडी. विहीर जुळली, केळी जुळल्या, गोठ्यातली म्हैससुद्धा जुळली!

"दिवाकर, तुमच्या चित्रात तुळशीपाशी हा काळा ठिपका कसला? इथे तर काहीच नाही!" साहेबांचा आवाज आला.

भावोजी धावत चुलीपाशी आले. "वहिनी! तुम्ही इथे?"

"तुमच्या कामात अडथळा नको म्हणून..."

"अहो, तुम्ही चुकणार नाही या भरवशावर मी तुम्हांला यंत्रात घातलंय!"

मी तशीच तुळशीकडे पळाले.

"पांढरा ठिपका आला!" साहेब ओरडले. "काळा हवा!"

काळी कशी दिसणार? लुगडं कोरडं, नि चुलीपुढे बसून मी भाकरीसारखी तापलेली! नवऱ्याची नोकरी जाताना पाहून जाऊबाई मथुरा कळशी घेऊन धावल्या.

"एरवी तापातही नेम सोडत नाही, मोठ्या बाई, तो आजच बरा सोडावासा वाटला!" म्हणत त्यांनी सगळी कळशी माझ्या डोक्यावर रिकामी केली. माघातलं पाणी! दात वाजत होते, तरी मी नाम घेत प्रदक्षिणा घालू लागले.

"अजून जरा काळा!" ओटीवरून आवाज.

दुसरी कळशी!

"जुळलं! हुबेहूब!"

भावोजी मटकन खालीच बसले. जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

जाताना साहेब मला हात जोडून अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, यंत्रात काही दोष नव्हता. खरी वाडीच चुकली होती."

त्यांना नम्रपणे काहीतरी सांगणार होते मी. पण शिंकाच थांबेनात!