भिंगरीनं खाल्लेली पाचवी सूचना

सूचना पाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण भिंगरी झोपलीय तोवरच माझं लिखाण, आणि ती कधी उठेल याचा नेम नाही. माझं पोटच सूचनांवर आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा यांच्या खोक्यात घडी घातलेली जी पुस्तिका असते ना, तिच्यातला मजकूर मी घरी बसून लिहिते. ती जगात कुणी वाचत नाही. मी वाचते. दुसऱ्यांनी लिहिलेलीसुद्धा. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' हे मी इतक्या भक्तिभावानं वाचते, की नवरा शेजारी हात जोडून उभा राहतो.

त्यामुळे पाय मोडला तेव्हा मी डगमगले नाही. भिंगरी म्हणजे आमची लेक, तेव्हा अकरा महिन्यांची, खुर्चीला धरून उभी राहणारी. तिच्या लाकडी बदकावर माझा पाय पडला. बदक एकीकडे गेलं, पाऊल दुसरीकडे, आणि करंगळीच्या बाजूचं हाड तुटलं. बदकाला काही झालं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला. हाड तुटलंय पण जागचं हललेलं नाही, म्हणाले. ऑपरेशन नको. सहा आठवडे हा बूट घाला आणि चाला.

नवऱ्याबरोबर सासूबाईही सोबत होत्या. त्यांचा गोंधळ तिथंच सुरू झाला. "पाय मोडलाय म्हणता आणि चाला म्हणता?"

"बूट हाडाला धरून ठेवतो, आजी. जुळायचं काम हाड स्वतः करतं."

सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. घरात कुणीतरी स्वतःचं काम स्वतः करतंय हे ऐकून त्यांना बरं वाटलं असावं.

बूट करड्या रंगाचा, गुडघ्याखालपर्यंत, चार पट्ट्यांचा, आणि तळवा होडीसारखा गोल. कुठल्यातरी अंतराळवीराचा एकच बूट चोरून पळाल्यासारखी मी घरी आले. सोबत एक कागद होता. सात सूचना! मी पेन घेऊनच वाचायला बसले. पट्ट्या खालून वर आवळत जाव्यात. बूट भिजवू नये. दुखल्यास थांबावे. पाय लोंबकळत ठेवू नये. एवढ्यात दूध उतू गेलं. मी ठक ठक करत जाऊन येईपर्यंत कागदाचा खालचा अर्धा भाग भिंगरीच्या तोंडात. बोट घालून काढला तर हातात लगदा आला आणि त्यावर फक्त 'वा.' एवढंच उरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना फोन करायचा. काय सांगायचं? की जी बाई प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी 'लहान मुलांच्या हाती देऊ नये' असं ठळक लिहिते, तिची सूचना तिच्याच मुलीनं खाल्ली? चार सूचना जीव ओतून पाळायच्या, असं मी ठरवलं.

आणि पाळल्या. फक्त चालताना जरा विचित्र व्हायचं. बुटाचा तळवा चांगला दोन बोटं जाड, दुसऱ्या पायात पातळ चप्पल. बुटाच्या पायावर मी उंच व्हायची, दुसऱ्यावर बुटकी. ठक, मग सुर्र. ठक, सुर्र. दिवसभर घरात माझी अशी वरात चालायची, आणि मागे भिंगरी रांगत.

तिसऱ्या आठवड्यात तिनं पहिलं पाऊल टाकलं. मी भांडी पुसत होते. ती खुर्ची सोडून माझ्याकडे निघाली, दोन्ही हात वर, तोंड उघडं, जणू स्वतःचीच बातमी तिला आत्ता कळलीय. मी खाली बसायच्या ऐवजी कोसळलेच. ती माझ्या मांडीवर येऊन आदळली. त्या दिवशी भांडी तशीच राहिली.

चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की भिंगरी लंगडते. डावा पाय उचलून आपटायचा, उजवा ओढत आणायचा. बुटाचा पाय माझा डावाच होता. पण हे मी आत्ता लिहितेय. तेव्हा सुचलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

सासूबाईंचं म्हणणं, तिचे नवे बूट चावतात. बूट काढले, तरी तेच. नवऱ्यानं दोन संध्याकाळी मोबाइलमध्ये डोकं घालून काढल्या आणि एक पाय आखूड असू शकतो, असं हळूच सांगितलं. मग मोजमाप. टेपचं एक टोक त्यानं धरलं, एक मी, आणि मधे भिंगरी, जी दर खेपेला पलटी मारायची. पहिल्यांदा डावा पाय अर्धा इंच मोठा निघाला. दुसऱ्यांदा उजवा. तिसऱ्यांदा दोन्ही पाय आधीपेक्षा लांब निघाले.

"हिला वाढायला सांगितलं कुणी मधेच?" नवरा म्हणाला. मला हसू आलं नाही.

तशात खालच्या मजल्यावरचे घड्याळजी वर आले. घड्याळं दुरुस्त करता करता त्यांचे कान इतके तयार झालेत, की कुठलं घड्याळ मागे पडतंय हे ते पाठमोरे बसून सांगतात. म्हणाले, "वहिनी, आधी एकच ठेका ऐकू यायचा. आता दोन येतात. मोठा आणि छोटा. पण दोन्ही अगदी एका तालात."

मला वाटलं तक्रार आहे. मी माफी मागितली आणि जमिनीवर दोन गोधड्या अंथरल्या. माणूस दारात येऊन उत्तर देऊन गेला आणि मी गोधड्या अंथरत बसले!

पाचव्या आठवड्यात माझा तपासणीचा दिवस होता. भिंगरीला घेऊन आम्ही सगळेच गेलो. माझं हाड छान जुळत होतं. डॉक्टर तसं सांगत होते, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी मधेच म्हणाले, "माझं राहू द्या. हिचा पाय बघा ना." आणि रडायलाच लागले. नऊ महिने पोटात सांभाळली, अकरा महिने कडेवर, आणि चालायला लागल्याबरोबर हे.

डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवून दोन्ही पाय वाकवले, फिरवले, जोडून पाहिले. तिनं त्यांचा चष्मा काढून घेतला. पाय अगदी बरोबर आहेत, म्हणाले आणि तिला खाली उतरवलं. मग मला सांगितलं, "तुम्ही जरा दारापर्यंत चालून दाखवा."

"मी?"

"तुम्हीच."

मी निघाले. ठक, सुर्र. मागून आवाज आला, टप, सुर्र. वळून पाहिलं तर भिंगरी, हातात चष्मा, चेहऱ्यावर कामावर निघालेल्या माणसाचा गंभीरपणा. मी थांबले, ती थांबली. मी चालले, ती चालली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"दिवसभर ती कुणाचं चालणं बघते?" डॉक्टर म्हणाले. "आणि दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट का नाही घातलात? दोन्ही पाय सारख्या उंचीवर हवेत. कागदावर लिहिलंय, पाचवी सूचना."

"ती हिनं खाल्ली," मी म्हणाले.

डॉक्टरांनी भिंगरीच्या हातातून आपला चष्मा सोडवून घेतला. मग त्यांनी मला नवीन कागद दिला, आणि सोबत त्याची आणखी एक प्रतही.

नवऱ्याचा एक जुना जाड बूट आत कापड कोंबून मी उजव्या पायात चढवला. मी कपाटाएवढी उंच झाले, पण सरळ चालायला लागले. आठवड्याभरात भिंगरीही सरळ. सहावा आठवडा संपला, बूट निघाला. पाऊल जमिनीला लागलं तेव्हा गुदगुल्या झाल्या.

दोन दिवसांनी घड्याळजी जिन्यात भेटले. "छोटा ठेका सुधारला हं," ते म्हणाले. "पण एक अजून येतोय. जड आहे."

मी घरात येऊन चालून पाहिलं. सरळ. सासूबाईंना चालायला लावलं. सरळ. रविवारी सकाळी मी सोफ्यावर बसले होते, भिंगरी खाली कागद चघळत होती, आणि नवरा चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून आला. ठक. सुर्र. ठक. सुर्र. भिंगरी लंगडत होती तेव्हा रोज तिचं बोट धरून तिला चालवत होता तो!

"काय बघतेस?" तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत भिंगरीनं तोंडातला कागद काढला, बाबाकडे नीट निरखून पाहिलं आणि उठून त्याच्या मागे निघाली. टप. सुर्र.

तो कागद म्हणजे डॉक्टरांनी दिलेली दुसरी प्रत होती.