चार तासांचा गजर

नागोरावांच्या पिशवीत डबा नसला तरी चालेल, गजराचं घड्याळ हवंच. शेडमधलं मशीन साफसफाईला बंद झालं की ते स्टुलावर घड्याळ मांडत, चार तासांवर गजर लावत आणि तो वाजेपर्यंत हीटरला कुणाला बोट लावू देत नसत.

आमची शेड नांदेड शहराच्या बाहेर. मी तिथला स्टोअरकीपर, नागोराव फिटर, गाव भोकरकडचं. कृत्रिम धागा मुळात गुळगुळीत, सरळसोट असतो. त्याला पीळ देत तापलेल्या हीटरवरून ओढायचा, लगेच थंड पट्टीवरून न्यायचा आणि मग पीळ सोडायचा. धागा फुगतो, मऊ होतो. नव्या माणसाला नागोराव म्हणत, “तापवायला काय, कोनीबी तापवील. निववनं हे काम हाय. पिळात असतानाच निवला पाहिजे, न्हाई तर सगळं इसरतो तो.”

“निवू द्या” हे त्यांचं सगळ्या जगाला उत्तर होतं. चहावर साय येऊन ती सुरकुतली की मग ते कप उचलत. मे महिन्यात मोटारसायकल उन्हात राहिली तर ती निवेपर्यंत सावलीत उभे. साहेब भडकले की त्यांच्या तोंडावर, “साहेब, निवू द्या.” बायको रुसून माहेरी गेली तेव्हाही हे निवू द्या म्हणून वाट बघत बसले. ती परत आलीच नाही. हे आम्ही शेडमध्ये हसत हसत सांगायचो.

दर रविवारी ते चाकूरची बस धरत. कामून जाता, असं विचारलं तर नुसतं “हाय एक जन” म्हणत. त्यावरून दुसऱ्या संसाराच्या थट्टा चालायच्या. त्यात मीही पुढे होतो, आज त्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली आणि नेमका हीटर चोंदला. मशीन बंद होऊन अर्धा तास झाला नाही तोच साहेब शेडमध्ये आले.

“उघडा आणि साफ करा.”

“गजर वाजू द्या, साहेब.”

साहेबांनी हातातल्या बाटलीतलं पाणी हीटरच्या पत्र्यावर शिंपडलं. “हे बघा. चुर्र तरी झालं का? थंडगार आहे!” आणि त्यांनी हात पुढे केला.

नागोरावांनी त्यांचं मनगट धरून असं खेचलं, की साहेब मागच्या बॉबिनच्या ढिगात जाऊन बसले. शेडभर बॉबिन घरंगळल्या. आम्ही तोंडावर रुमाल धरून हसलो. साहेब ओरडले, “चालते व्हा! परत पाय ठेवायचा नाही इथं!” नागोराव गेले. मग कुणीतरी हीटरचा काटा बघितला. तो दोनशे अंशांच्या वर होता. आमचं हसू तिथंच विरलं.

साहेब दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. रविवारी त्यांनी मला नागोरावांना परत आणायला पाठवलं. नागोरावांच्या घरमालकाकडून चाकूरचा पत्ता घेतला आणि गेलो.

एका पत्र्याच्या खोलीत नागोराव एका माणसाची दाढी करून देत होते. त्या माणसाच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून गेली होती. मी साहेबांचा निरोप सांगितला. “येतो सोमवारी,” एवढंच म्हणून ते आंघोळीचं पाणी भरायला बाहेर गेले.

“मी मारोती,” तो माणूस म्हणाला. “सुरतेला आमी दोघं एकाच मशीनवर होतो. ह्यानं पत्र्यावर पानी टाकलं. वाजलं न्हाई. लई तापलेल्या पत्र्यावर पानी वाजत न्हाई भाऊ, मन्यावानी पळतं. ते तवा आमाला कुठं म्हाईत? ह्यो म्हनला, निवलंय, घाल हात. म्या घातला. एक काढाया गेलो तर दुसराबी चिकटला.”

मी खाली त्याच्या शेजारी बसलो.

“दर रविवारी इचारतो, मारोती, माफ केलंस का? मी भिंतीकडं तोंड करतो.” त्यानं दाराकडं बघून आवाज खाली आणला. “कव्हाच केलंय हो. त्यानं काय जानूनबुजून केलं? पन तसं बोललो आन् त्याच्या मनावरचं ओझं उतरलं, तर तो कशाला येईल? दुसरं कोन येतं माझ्याकडं? त्याला सांगू नका. तुमच्या पाया पडतो.”

ते हात त्यानं खरोखरच जोडायचा प्रयत्न केला. मी हो म्हणालो.

परतीच्या बसमध्ये नागोराव खिडकीशी बसले होते. अहमदपूर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलला का?”

एका वाक्यात नागोरावांची सुटका झाली असती. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं आणि मी ते गिळलं.

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागही नाही, निराशाही नाही.

“पुढच्या रविवारी पहिली बस धरतो,” ते म्हणाले. “त्याची नखं लई वाढलीत.”